घरगुती साठवण सर्व्हर संथ का होतो? दोष डिस्कचा, केबलचा की विजेचा

भिलाई – कुटुंबाची छायाचित्रे, लग्नसमारंभांच्या चित्रफिती, शिक्षणाची प्रमाणपत्रे आणि घर-जमिनीची कागदपत्रे आता कपाटांतून संगणकात आली आहेत. ही सर्व माहिती एकाच ठिकाणी ठेवण्यासाठी अनेक कुटुंबे दोन ते सहा हार्ड डिस्क असलेला लहान सर्व्हर घरी बसवतात. काही काळाने हा सर्व्हर संथ होतो, एखादी डिस्क मध्येच ‘नाहीशी’ होते, तर कधी संपूर्ण यंत्र कारणाविना बंद होऊन पुन्हा सुरू होते. अशा वेळी बहुतेकांचा पहिला विचार डिस्क बदलण्याचा असतो. मात्र डिस्क बदलण्याचा काळ हाच साठवलेल्या माहितीसाठी सर्वाधिक जोखमीचा असतो. त्यामुळे दोष नेमका कोठे आहे हे ठरवूनच पुढील पाऊल उचलणे आवश्यक ठरते.

हवामान आणि धूळ

तत्कालीन सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखान्याबरोबर वसाहत वाढली आणि सिविक सेंटर हा त्या वसाहतीचा बाजारपेठेचा भाग बनला. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेली, मराठी भाषकांसह अनेक कुटुंबे येथे स्थायिक झाली. पुढची पिढी नोकरीसाठी अन्यत्र गेलेल्या अशा घरांत कौटुंबिक माहितीचा एकत्रित साठा विशेष मोलाचा असतो.

या भागात मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. खोलीचे तापमान ४० अंश असेल, तर बंदिस्त पेटीतील डिस्कचे तापमान ५० अंशांच्या पुढे सहज पोहोचते. घरगुती सर्व्हरसाठीच्या अनेक डिस्कची कार्यमर्यादा निर्माते ६० ते ६५ अंश सांगतात, तरीही नेहमीच्या वापरात तापमान ४५ अंशांच्या आत राखणे हिताचे असते. पंख्याच्या जाळीवर बसलेली धूळ हवेचा मार्ग अडवते. उन्हाळ्यापूर्वी ही जाळी स्वच्छ करणे आणि दोन डिस्कमध्ये हवा खेळती राहील एवढे अंतर ठेवणे हा सर्वात स्वस्त उपाय होय.

आधी मार्ग तपासावा

सर्व्हर संथ आहे, या तक्रारीत अनेकदा डिस्कचा संबंधच नसतो. प्रतिसेकंद १ गिगाबिट क्षमतेच्या जाळ्यातून प्रत्यक्षात सुमारे ११० मेगाबाइट माहिती दर सेकंदाला जाऊ शकते. हीच जोडणी १०० मेगाबिटवर उतरली, तर वेग ११ ते १२ मेगाबाइटवर अडकतो. जाळ्याच्या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिट वेगासाठी चारही जोड्या लागतात, तर १०० मेगाबिटला दोन पुरतात. त्यामुळे एखादी तार तुटली, तरी जोडणी चालू राहते, केवळ वेग दहापट घटतो. मोठी फाइल पाठवताना वेग ११ मेगाबाइटच्या आसपास स्थिर राहत असेल, तर प्रथम केबल बदलून पाहावी. बिनतारी जोडणीवर घेतलेल्या मोजमापावरून डिस्कविषयी निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

डिस्कची नैसर्गिक मर्यादा

मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा सुमारे ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण होतो. हवी असलेली जागा वाचक टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून किंचित अधिक वेळ जातो. टोक योग्य मार्गिकेवर नेण्याचा वेळ यात मिळवला, तर विखुरलेल्या ठिकाणची माहिती वाचण्याच्या क्रिया सेकंदाला १०० च्या आतबाहेरच होतात. तीच डिस्क सलग मोठी फाइल मात्र सेकंदाला १५० मेगाबाइट किंवा अधिक वेगाने वाचते. हजारो लहान छायाचित्रांची प्रत करताना वेग घसरतो, तो या कारणाने. हा बिघाड नाही.

साठा ८० ते ९० टक्क्यांहून अधिक भरल्यास सलग मोकळी जागा शोधणे कठीण होते आणि लेखन मंदावते. अशा वेळी नवी डिस्क घेण्यापूर्वी अनावश्यक माहिती काढून वेग पुन्हा मोजावा.

२०२० मधील प्रकरण

डिस्क निर्दोष असूनही संथ असू शकते, याचे जगभर गाजलेले उदाहरण २०२० मधील आहे. वेस्टर्न डिजिटल या कंपनीच्या घरगुती सर्व्हरसाठी विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्कमध्ये ‘शिंगल्ड’ पद्धतीचे लेखन वापरले जात असल्याचे एप्रिल २०२० मध्ये उघड झाले. विक्रीच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नव्हता. सीगेट व तोशिबा या कंपन्यांनीही आपल्या काही डिस्कमध्ये ही पद्धत असल्याचे मान्य केले. मात्र त्यांची नावे पुढे आलेली मॉडेल्स प्रामुख्याने मेजावरील संगणकांसाठीची होती.

ही पद्धत छपरावरील कौलांसारखी आहे. एका कौलाची कड दुसऱ्याखाली दबते, तशा मार्गिका एकमेकींवर अंशतः चढवल्या जातात. त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक माहिती मावते. परंतु मधले एक कौल बदलायचे असेल, तर त्यावर चढलेली पुढची कौले हलवावी लागतात. त्याप्रमाणे मधली माहिती बदलताना डिस्कला संपूर्ण पट्टा नव्याने लिहावा लागतो. ही दिरंगाई झाकण्यासाठी डिस्कमध्ये एक राखीव भाग असतो. नवी माहिती प्रथम तेथे उतरते आणि फुरसतीच्या वेळी मूळ जागी जाते. हा भाग भरला, की वेग एकाएकी कोसळतो.

रोजच्या तुरळक वापरात हे जाणवत नाही. समूहातील डिस्क बदलून नवीवर सर्व माहिती पुन्हा उतरवताना मात्र डिस्कला फुरसत मिळत नाही. सर्व्ह द होम या संकेतस्थळाने त्या वर्षी झेडएफएस प्रणालीवर घेतलेल्या चाचणीत रूढ पद्धतीच्या डिस्कची पुनर्बांधणी सुमारे १७ तासांच्या आत पूर्ण झाली. कौलपद्धतीच्या ४ टेराबाइट डिस्कला त्यासाठी जवळपास २३० तास, म्हणजे साडेनऊ दिवस लागले. त्यानंतर जून २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने रूढ पद्धतीच्या डिस्क ‘रेड प्लस’ या नावाने वेगळ्या केल्या. सर्व्हरसाठी डिस्क घेताना मॉडेल क्रमांकावरून लेखनाची पद्धत निर्मात्याच्या तपशीलपत्रकात तपासावी. वापरलेल्या किंवा जुन्या साठ्यातील डिस्कबाबत ही दक्षता अधिक गरजेची आहे.

सात सेकंदांचा प्रश्न

डिस्क समूहातून अचानक बाहेर पडण्यामागे आणखी एक कारण असते. मेजावरील संगणकासाठीची डिस्क न वाचता येणारा भाग पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते आणि त्यात कधी एक मिनिटाहून अधिक वेळ घालवते. एकट्या डिस्कसाठी हे योग्यच आहे, कारण माहितीची दुसरी प्रत तेथे नसते. समूहात मात्र तीच माहिती अन्य डिस्कवरून मिळू शकते. म्हणून सर्व्हरसाठीच्या डिस्क साधारणतः ७ सेकंदांनंतर प्रयत्न सोडून देतात.

लिनक्स प्रणाली डिस्कच्या उत्तराची सामान्यतः ३० सेकंद वाट पाहते. तेवढ्यात उत्तर आले नाही, तर ती जोडणी नव्याने सुरू करते आणि या गोंधळात बरी असलेली डिस्कही समूहाबाहेर काढली जाऊ शकते. डिस्कमध्ये सोय असेल, तर तिची मर्यादा ७ सेकंदांवर आणावी. सोय नसेल, तर प्रणालीची प्रतीक्षा १८० सेकंदांपर्यंत वाढवावी. अनेक डिस्कमध्ये ही मर्यादा वीज गेल्यावर पुसली जाते. म्हणून यंत्र सुरू होताना ती आपोआप लागू होईल, अशी व्यवस्था करावी.

वीज, केबल आणि स्मृती

साडेतीन इंची डिस्क फिरू लागताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर प्रवाह घेते. म्हणजे त्या काही क्षणांत एका डिस्कला सुमारे २४ वॅट लागतात आणि सहा डिस्क एकदम सुरू झाल्यास १४४ वॅटचा भार पडतो. स्थिर फिरताना प्रत्येकीला ५ ते ८ वॅट पुरतात. त्यामुळे जुना किंवा हलक्या प्रतीचा वीजपुरवठा संच एरवी ठीक चालतो, पण यंत्र सुरू होताना किंवा निद्रिस्त डिस्क जाग्या होताना अपुरा पडतो. एकाच वेळी दोन-तीन डिस्क नाहीशा होत असतील, तर संशय प्रथम वीजपुरवठ्यावर घ्यावा. एका तारेवर अनेक फाटे काढून डिस्क जोडणे टाळावे.

डिस्क आपल्या प्रकृतीच्या नोंदी ‘स्मार्ट’ या सोयीद्वारे स्वतःच ठेवते. त्यातील क्रमांक ५ बदललेल्या भागांची, १९७ संशयास्पद भागांची आणि १९८ वाचता न आलेल्या भागांची संख्या दाखवतो. क्रमांक १९९ डिस्क आणि संगणक यांच्या दरम्यान झालेल्या देवाणघेवाणीतील चुका मोजतो. केवळ १९९ वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा असतो. ही संख्या केबल बदलल्यावरही शून्यावर येत नाही. ती पुढे वाढते की थांबते, एवढेच पाहायचे असते.

स्मृतीचा दोष याहून फसवा असतो. सर्व डिस्कवर एकाच वेळी पडताळणीच्या चुका दिसू लागल्या, तर सर्वच डिस्क खराब झाल्याची शक्यता कमी आणि स्मृती किंवा नियंत्रक सदोष असल्याची शक्यता अधिक असते. मेमटेस्ट८६+ ही विनामूल्य आज्ञावली रात्रभर चालवून स्मृती तपासता येते. त्यात एकही चूक आढळल्यास ती स्मृतिपट्टी काढून टाकावी.

नोंदी किती विश्वसनीय?

गुगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट असल्याचे त्यात दिसून आले. मात्र निकामी झालेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी प्रमुख नोंदींत कोणतीही पूर्वसूचना दिली नव्हती. म्हणजे नोंदीत चूक दिसली, तर ती गांभीर्याने घ्यावी. चूक दिसली नाही, तरी निश्चिंत राहू नये.

तपासणीचा क्रम

सर्व्हर अस्थिर झाल्यास पुढील क्रम पाळणे उपयुक्त ठरते.

१. प्रथम महत्त्वाच्या माहितीची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी. तोवर कोणतीही दुरुस्ती, पुनर्बांधणी किंवा संपूर्ण पडताळणी सुरू करू नये.

२. स्मार्ट नोंदी आणि प्रणालीची नोंदवही तारखेसह जतन करावी.

३. चूक एकाच डिस्कवर आहे की अनेक डिस्कवर, हे पाहावे. एकीवर असेल, तर डिस्क किंवा तिची केबल. अनेकींवर असेल, तर वीजपुरवठा, नियंत्रक किंवा स्मृती तपासावी.

४. यंत्र पूर्ण बंद करून संशयित डिस्कची केबल दुसऱ्या डिस्कशी अदलाबदल करावी. चूक डिस्कबरोबर गेली, तर डिस्क सदोष. चूक जागेवरच राहिली, तर केबल किंवा जोडणीची जागा सदोष.

५. एका वेळी एकच बदल करावा आणि त्यानंतर काही दिवस निरीक्षण करावे. दोन बदल एकत्र केल्यास खरे कारण कळत नाही.

पुनर्बांधणीचा धोका

४ टेराबाइटच्या चार डिस्कचा, एका डिस्कचा बिघाड सोसणारा समूह घेतला, तर एक डिस्क बदलताना उरलेल्या तिन्ही डिस्कवरील मिळून १२ टेराबाइटपर्यंत माहिती वाचावी लागते. घरगुती डिस्कच्या तपशीलपत्रकात सुमारे १२.५ टेराबाइट वाचनामागे न वाचता येणारी एक चूक, अशी कमाल मर्यादा दिलेली असते. प्रत्यक्षात डिस्क सहसा याहून चांगली कामगिरी करतात. तरीही एकाच दिवशी घेतलेल्या, सारख्याच वापरलेल्या डिस्कवर कित्येक तास सलग ताण पडत असताना दुसरी डिस्क निकामी होण्याचा धोका नाकारता येत नाही. चार किंवा अधिक डिस्क असतील, तर दोन डिस्कचा बिघाड सोसणारी रचना निवडावी.

डिस्कचा समूह म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. चुकून पुसलेली फाइल समूहातील सर्व डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. विजेचा झटका, चोरी, आग किंवा खंडणीखोर विषाणू यांपासूनही समूह संरक्षण देत नाही. त्यासाठी माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, हा नियम जगभर पाळला जातो. अन्य गावी राहणाऱ्या नातेवाइकांकडे ठेवलेली आणि वर्षातून दोनदा अद्ययावत केलेली एक डिस्कही या कामी पुरते. मात्र त्या प्रतीतील फाइली उघडून पाहण्याची सवय ठेवावी. ज्या प्रतीवरून माहिती परत मिळवून पाहिलेली नाही, तिच्यावर विसंबून राहता येत नाही.