शोभिवंत माशांसाठी ब्लडवर्म नाल्यातून नको, टबमध्ये वाढवा

एंजल, फायटर, गुरामी अशा शोभिवंत माशांचे नर-मादी पैदाशीसाठी तयार करताना त्यांना जिवंत खाद्य दिल्यास अंडी चांगली भरतात. त्यासाठी ब्लडवर्म, म्हणजेच कायरोनोमस या न चावणाऱ्या माशीची लाल अळी, उपयुक्त ठरते. अळीच्या शुष्क वजनात निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात. मात्र ही अळी कुठून आणली, यावर माशांचे आरोग्य अवलंबून असते.

नाल्यातील अळ्या का टाळाव्यात?
ब्लडवर्मच्या शरीरात हिमोग्लोबिन असते. त्यामुळे कमी प्राणवायूच्या घाण पाण्यातही ती जगते आणि नाल्यांत भरपूर सापडते. पिंपरी-चिंचवडमधून वाहणारी पवना आणि चिखली, मोशीकडून आळंदीकडे जाणारी इंद्रायणी या नद्यांत घरगुती सांडपाण्यासोबत कारखान्यांचे सांडपाणीही मिसळते. अळी गाळ खाते, त्यामुळे गाळातील जड धातू व जिवाणू तिच्यामार्फत माशांपर्यंत पोहोचू शकतात. फुकटच्या खाद्यापायी पैदाशीच्या जोड्या गमावणे परवडत नाही.

टबमधील उत्पादन
- पसरट टबमध्ये २ ते ३ सेंमी स्वच्छ बारीक मातीचा थर द्यावा. त्यावर १५ सेंमीपर्यंत पाणी भरावे. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे.
- चांगले कुजलेले कोंबडी खत मूठभर मिसळावे. जास्त खताने पाणी सडते.
- टब २ ते ३ रात्री उघडा ठेवावा. माश्या पाण्यावर जेलीसारख्या पुंजक्यांत अंडी घालतात. त्यानंतर टब बारीक जाळीने सर्व बाजूंनी घट्ट झाकावा.
- उबदार हवामानात साधारण दोन आठवड्यांत अळ्या काढणीस येतात. माती चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली धुवावी.

डासांकडे दुर्लक्ष नको
उघड्या टबमध्ये डासही अंडी घालतात. दोन्ही अळ्या ओळखणे सोपे आहे. ब्लडवर्म तळाशी मातीच्या नळीत राहते, तर डासाची अळी श्वास घेण्यासाठी पृष्ठभागावर येते. पृष्ठभागावरील अळ्या रोज जाळीने काढून माशांना द्याव्यात. स्वल्पविरामाच्या आकाराचे कोष दिसल्यास ते त्याच दिवशी काढावेत, कारण दोन-तीन दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो. जाळी फाटली असल्यास टब लगेच रिकामा करावा. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी साठवलेले पाणी तपासतात व अळ्या आढळल्यास दंडही होतो. त्याहून मोठा धोका डेंगीचा आहे. दाट वस्तीत जाळीची खात्री नसेल, तर हा प्रयोग करू नये.

माशांना देताना
- काढलेल्या अळ्या एक दिवस स्वच्छ पाण्यात ठेवून २ ते ३ वेळा पाणी बदलावे. त्यामुळे पोटातील माती बाहेर पडते.
- मासे २ ते ३ मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य द्यावे. उरलेल्या अळ्या काढून टाकाव्यात.
- आठवड्यातून २ ते ३ वेळा पुरे. इतर दिवशी गोळी खाद्य द्यावे. पैदाशीपूर्वी १० ते १५ दिवस प्रमाण वाढवावे.
- लहान पिलांना अख्खी अळी देऊ नये. ती बारीक चिरून द्यावी.
- ब्लडवर्ममुळे काहींना खाज, शिंका किंवा दम लागण्याचा त्रास होतो. हाताळताना हातमोजे घालावेत. वाळवलेल्या ब्लडवर्मची भुकटी हाताळताना मास्कही वापरावा.

सुरुवात एकाच टबपासून करावी. नवे खाद्य आधी दोन-चार माशांना देऊन आठवडाभर निरीक्षण करावे, मगच पैदाशीच्या जोड्यांना द्यावे.