कुंपणावरचा बोका

रात्री साडेबाराचा सुमार. भोसरी, आकुर्डी, चाकण येथील कारखान्यांची दुसरी पाळी सुटून गेलेली असते. रस्ता शांत होतो आणि त्या शांततेत तळमजल्यावरच्या एखाद्या घराच्या गॅलरीत एकदम धडपड ऐकू येते. दिवा लावून पाहावे तो पिंजरा आडवा, पाण्याची वाटी उपडी, जमिनीवर लव्हबर्डची दोन पिसे. आणि कुंपणाच्या भिंतीवर रुंद गालांचा, एक कान फाटलेला बोका. तो पळत नाही. क्षणभर आपल्याकडे बघतो आणि सावकाश पलीकडे उतरतो.

घरी ससा, पक्षी किंवा मांजर पाळणाऱ्या पुष्कळांना हा अनुभव आला असेल. मग सकाळी घरात सल्लामसलत सुरू होते. कोणी म्हणते, पोत्यात घालून चाकणच्या पुढे सोडून या. (चाकणच्या माणसाने त्याला कोठे सोडावे, हे मात्र कोणी सांगत नाही.) कोणी म्हणते, उंदराचे औषध ठेवा. विद्यार्थिमित्रहो, हे दोन्ही उपाय क्रूर तर आहेतच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते निष्फळ आहेत. का, ते पाहू.

प्रथम हा बोका कोण, ते ठरवू. चाकणच्या बाजूला उसात आणि गवताळ माळावर एक खरे रानमांजर राहते. त्याचे पाय लांब, अंग वाळूच्या रंगाचे, शेपूट आखूड व टोकाशी काळी वलये असलेली. ती वेगळी जात असून वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे. छपरात राहणारे उदमांजर तर मार्जारकुलातलेही नव्हे; तथापि पिंजऱ्यातले पक्षी तेही मारते, आणि आळ पुष्कळदा मांजरावर येतो. कुंपणावरचा बोका या दोहोंपैकी कोणी नाही. तो आणि तुमच्या मांडीवरची मनी एकाच जातीची आहेत.

मग एक माणसाळलेली आणि दुसरा रानटी, हे कसे? अमेरिकेत आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात पिल्लांवर प्रयोग केले. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिल्लांना माणसांनी रोज हाताळले, ती माणसाळली. हा काळ माणसाच्या स्पर्शाविना गेला, तर पिल्लू माणसाला शत्रू समजूनच वाढते, मग त्याची आई कितीही गरीब स्वभावाची असो. म्हणजे रानटी बोका तयार व्हायला पाच-सहा आठवड्यांची उपेक्षा पुरते. ‘नको असलेली’ पिल्ले कारखान्याच्या फाटकाशी ठेवून येणारा माणूस पुढच्या वर्षीचा बोकाच तेथे ठेवून येत असतो. शिवाय, उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.

बोका घराभोवती का घुटमळतो, याची कारणे दोन: अन्न आणि माद्या. बोक्याचा फिरण्याचा टापू मांजरीच्या टापूच्या कित्येक पट मोठा असतो व त्यात अनेक मांजरींचे टापू येतात. त्या टापूच्या खुणा तो मूत्राच्या फवाऱ्याने करतो. त्या मूत्रात फेलिनिन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते; त्याच्या विघटनातून तो उग्र दर्प येतो. त्या टापूत तुमचा पाळीव बोका आला, की झुंज ठरलेली.

या झुंजीतली जखम फसवी असते. मांजराचे सुळे सुईसारखे बारीक. कातडीला टाचणीएवढे भोक पडते, ते लगेच मिटते आणि आत ‘पाश्चुरेला’ जातीचे जीवाणू अडकतात. दोन-तीन दिवसांत तेथे गळू होते. मोठे मांजर त्यातून वाचते, पण पक्ष्याला नुसता ओरखडा जरी लागला, तरी हेच जीवाणू रक्तात पसरून तो एक-दोन दिवसांत दगावू शकतो. तेव्हा ‘वाचला बिचारा, थोडेसेच लागले’ असे म्हणून थांबू नये. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. या जीवाणूंवर पेनिसिलिन चांगले चालते. हेच पेनिसिलिन बनविण्यासाठी १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, हे येथल्या मुलांना ठाऊक असायला हरकत नाही. मात्र मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी. घरातली पॅरासिटामॉलची गोळी तर मांजराला मुळीच देऊ नये. ते औषध निरुपद्रवी करणारे विकर मांजराच्या यकृतात फार कमी असते. एका गोळीनेही मांजर मरू शकते.

जखमेतून आणखी एक गोष्ट जाते. १९८६ साली कॅलिफोर्नियात नील्स पेडरसन व जॅनेट यामामोटो यांना मांजरांची रोगप्रतिकारशक्ती खच्ची करणारा एक विषाणू सापडला. तो मुख्यतः चावण्यातून पसरतो, म्हणून भांडखोर बोक्यांत अधिक आढळतो. माणसाला तो होत नाही.

दुसरा विषाणू याहून चिवट. ‘पॅनल्यूकोपेनिया’ म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी नाहीशा करणारा रोग. यात पिल्लांना उलट्या-जुलाब होऊन ती झपाट्याने मरतात. याचा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो आणि आपल्या चपलांच्या तळव्यांबरोबर घरात येतो. म्हणजे बोक्याने उंबरा ओलांडला नाही, तरी त्याचा रोग ओलांडतो. यावर चांगली लस आहे. ती वेळेवर टोचलेली असणे हे घरच्या मांजराचे पहिले कवच. दुसरे रेबीजच्या लसीचे.

याच विषाणूला एकदा मांजरांविरुद्ध मुद्दाम कामाला लावण्यात आले होते. दक्षिण आफ्रिकेच्या मॅरियन बेटावर १९४९ साली हवामान केंद्रातील उंदीर मारण्यासाठी पाच मांजरे नेली. १९७७ पर्यंत ती सुमारे ३,४०० झाली आणि दर वर्षी लाखो समुद्रपक्षी खाऊ लागली. त्या वर्षी शास्त्रज्ञांनी तेथे हा विषाणू सोडला. पाच वर्षांत मांजरे ६०० च्या आसपास उरली. पण उरलेल्यांत प्रतिकारशक्ती आली आणि रोगाचा जोर ओसरला. पुढे रात्री दिवे घेऊन बंदुकीने शिकार, सापळे, विष असे सर्व करून १९९१ मध्ये बेट मांजरमुक्त झाले. उंदीर मात्र राहिले. ते आता अल्बट्रॉस पक्ष्यांची जिवंत पिल्ले कुरतडतात!

चौदा वर्षे लागली, तीही चहूकडे समुद्र असलेल्या निर्मनुष्य बेटावर. चाकणभोवती समुद्र नाही. अशा खुल्या जागी काय होते, ते ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया प्रांतात दिसले. तेथे जंगलाच्या दोन भागांत वर्षभर थोडी थोडी मांजरे पकडून मारली. स्वयंचलित कॅमेऱ्यांनी मोजले, तेव्हा मांजरांची संख्या एका भागात ७५ टक्क्यांनी, तर दुसऱ्यात २११ टक्क्यांनी वाढलेली निघाली. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संशोधकांच्या मते, दांडगे बोके गेल्यावर आजूबाजूचे तरुण बोके त्या मोकळ्या टापूत घुसले असावेत. आपला पोत्यातला बोका गेला की पंधरवड्यात दुसरा का येतो, त्याचे उत्तर यात आहे.

जागा रिकामी राहत नाही, कारण अन्न तेथेच असते. आपल्या पट्ट्यात ते भरपूर आहे: कारखान्यांच्या कँटीनमागचे खरकटे, उघड्या कचराकुंड्या, मटण-मासळीच्या दुकानांची घाण, चाकणच्या बाजारातले उंदीर. निवाऱ्यालाही तोटा नाही. लाकडी पॅलेटच्या थप्पी, भंगाराचे ढीग, गटारांचे पाइप. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनात मोकाट मांजरांच्या १६९ पिल्लांची नोंद ठेवली, तेव्हा १२७ पिल्ले सहा महिन्यांच्या आत मेली किंवा नाहीशी झाली. एरवी इतकी मरतात. पण मोठी मांजरे हलवली आणि अन्न तसेच ठेवले, की यांतली काही पिल्ले जगतात. विषाची गोष्ट आणखी वेगळी. ते खाऊन मेलेला उंदीर गव्हाणी घुबडाच्या पोटात जातो, आणि उंदीर मारणारा एक फुकटचा नोकर आपण गमावतो.

मग उपाय कोणता? मांजरे पकडायची, शस्त्रक्रियेने त्यांचे निर्बीजीकरण करायचे, लस टोचायची आणि पुन्हा त्याच जागी सोडायची. १९७३ साली हार्ट व बॅरेट या संशोधकांनी मोठ्या बोक्यांवर अशी शस्त्रक्रिया केल्यानंतरचे बदल पाहिले. बहुसंख्य बोक्यांचे भटकणे, भांडणे व फवारे मारणे कमी झाले. जागा अडवून बसलेला, पण फारसा न भांडणारा बोका, हा आपल्या दृष्टीने चांगला शेजारी. मात्र यात हिशेब कडक आहे. मांजरीला दिवस नऊच आठवडे जातात, आणि दिवसमान फारसे न बदलणाऱ्या आपल्यासारख्या देशात ती जवळजवळ वर्षभर विऊ शकते. गणिती प्रतिमाने सांगतात, की टोळीतील ७० टक्क्यांहून अधिक मांजरांवर शस्त्रक्रिया झाली, तरच संख्या घटू लागते. दहांपैकी तीन मांजरांवर करून फोटो काढण्याने काही साधत नाही. हे काम एकट्या घराचेही नाही. सोसायटी, कारखान्याचे व्यवस्थापन आणि पशुवैद्य यांनी मिळून, कँटीनच्या डब्यांना घट्ट झाकणे बसवूनच ते करायला हवे.

तोपर्यंत पिंजऱ्याकडे पाहा. मांजराचे हंसळीचे हाड नाममात्र असते, स्नायूंत नुसते अडकलेले. म्हणून जेथून डोके जाते तेथून धडही जाते. सशाच्या पेटीला कोंबड्यांची पातळ जाळी नको; अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी हवी, आणि पंजा आत पोहोचू नये म्हणून दोन-तीन इंच अंतर सोडून बाहेरून दुसरी. पेटीला एक बाजू बंद असलेला कोनाडा हवा, कारण ससा नुसत्या भीतीनेही मरतो. रात्री पिंजरा घरात घ्या. मांजराचे जेवण वेळेवर द्या आणि उरलेले लगेच उचला. मिरचीपूड टाकू नका. तिने डोळे जातात, बोका जात नाही.

बोक्याला हाताने धरण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. कोणतेही मोकाट मांजर चावले किंवा ओरबाडले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जा. घरी लपवू नका.

वर्गाला करता येईल असे एक काम मात्र आहे. शाळेच्या किंवा सोसायटीच्या परिसरातील मांजरांची वही ठेवा. लांबूनच पाहून प्रत्येकाचा रंग, ठिपके, शेपूट, दिसल्याची वेळ व जागा लिहा. काळा, पांढरा व तांबूस असे तिन्ही रंग असलेले मांजर जवळजवळ नेहमी मादी असते, कारण तांबूस रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. तेव्हा पशुवैद्याला आधी कोणती मांजरे पकडायची, हे तुमच्या वहीतून कळेल. कानही नीट पाहा. निर्बीजीकरण झालेल्या मांजराच्या कानाचे टोक भूल दिलेली असतानाच सरळ रेषेत कापतात. भांडणात फाटलेला कान वेडावाकडा असतो.