गिलाव्याचं यंत्र : काम थांबल्यावरचा तास
(बांधकामावरची यंत्रं – भाग ६)

महादजी शिंद्यांच्या काळात श्रीगोंद्यात वाडे उठले ते चुन्यात. चुना हा सोशिक माल. बैलाच्या घाणीत दळलेला चुना ओल्या गोणपाटाखाली रात्रभर झाकून ठेवला तरी सकाळी कामाला येई. सिमेंटला एवढा धीर नाही. मानकाप्रमाणे, पाणी पडल्यावर पहिली ३० मिनिटं तरी त्याने आवळायला लागू नये आणि १० तासांच्या आत पुरतं घट्ट व्हावं. हे आकडे प्रयोगशाळेतल्या गारव्याचे. एप्रिल-मेच्या उन्हात, तापलेल्या काळ्या पाइपात पडून राहिलेला माल इतकी सवलत देत नाही.

मागच्या आठवड्यात माल कालवून यंत्राने भिंतीवर कसा मारायचा ते पाहिलं. नोझल धरायला चांगला गवंडी लवकर शिकतो. यंत्र बंद केल्यानंतर काय करायचं, हे मात्र त्याला कुणी शिकवत नाही, आणि यंत्राचं आयुष्य तिथेच ठरतं.

आधी पंपाचं पोट समजून घेऊ. हॉपरमधला माल पुढे ढकलणारा भाग म्हणजे लोखंडी नळीत बसवलेलं जाड रबर आणि त्यात फिरणारा पिळाचा लोखंडी दांडा. दांड्याला रोटर म्हणतात, रबराच्या नळीला स्टेटर. रेने मुआनो या फ्रेंच अभियंत्याने १९३०च्या सुमारास ही युक्ती काढली. सोऱ्यातून चकली पडावी तसा माल सलग पुढे जातो. रोटर रबराला घासूनच फिरतो; त्या दोघांमधलं वंगण म्हणजे मालातलं पाणी. म्हणून हा पंप कोरडा फिरवायचा नाही, ‘नुसतं चालू करून बघू’ म्हणूनही नाही. काही मिनिटांत रबर भाजतं, मग दाब धरत नाही आणि माल भिंतीपर्यंत पोचायच्या आधीच गळाठतो. सकाळी हॉपरमध्ये पाणी, मग सिमेंटची पातळ रबडी आणि त्यानंतर माल, हा क्रम सोडू नये. रबडीने पाइप आतून ओला झाला नाही, तर पहिल्याच मालातलं पाणी पाइप पिऊन टाकतो आणि वाळू जागेवर बसते.

आता धुणं. हॉपर तळाला आला की मोटार बंद करायची, थोडी उलटी फिरवायची आणि गेजचा काटा शून्यावर येऊ द्यायचा. मगच पाइपाची कपलिंग सोडायची. पाइपाच्या तोंडात ओला स्पंजचा गोळा घालायचा, कपलिंग परत जोडायची, दुसऱ्या टोकाचं नोझल काढून ठेवायचं आणि पंपाने पाणी सोडायचं. गोळा पुढचा माल ढकलत बाहेर येतो. पाइपातून नितळ पाणी येईपर्यंत हे पुन्हा करायचं. नोझलचं भोक हाताने वेगळं साफ करायचं, मिक्सरची पाती खरवडायची, रोटर-स्टेटरमधून स्वच्छ पाणी फिरवायचं. मोटारीवर आणि स्टार्टरच्या पेटीवर पाण्याची धार मारायची नाही. तिथे ओलं फडकं पुरतं.

गोळा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायचा मोह अनेकांना होतो, कारण काम झटपट होतं. हे करू नका. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे वाट मोकळी होताच त्याचा दाब उतरतो. हवा दाबून साठते आणि वाट मिळाली की एकदम सुटते. गोळा आणि त्याच्यामागची वाळू समोरच्याचा डोळा फोडू शकते, सुटा पाइप अंगावर फटके मारतो.

आपल्याकडे पाणीही मोजूनच वापरावं लागतं. दोन पिंपं ठेवावीत. पहिलं धुणं कालच्या निवळलेल्या पाण्याने, शेवटचं स्वच्छ पाण्याने. सिमेंटचं धुवण कडक अल्कलीचं असतं. ते चारीत, विहिरीकडे किंवा उसाच्या सरीत सोडू नये. पिंपात गाळ बसू द्यावा आणि तो वाळला की राडारोड्यात टाकावा.

तुंबणं हा सगळ्यात धोक्याचा क्षण. काटा चढतो, पाइप दगडासारखा कडक होतो, नोझलमधून माल येईनासा होतो. अशा वेळी गवंडी चिडलेला असतो आणि मुकादम ओरडत असतो. तरीही पहिलं काम एकच, पंप बंद. पंप उलटा फिरवून दाब उतरवायचा. काटा शून्यावर आला तरी केवळ त्याच्यावर विसंबायचं नाही, कारण गेजच्या तोंडाशी माल घट्ट झाला तर काटा खोटं बोलतो. पाइप हाताने दाबून पाहायचा, मऊ लागला पाहिजे. डोळ्यांवर चष्मा, कपलिंगवर ओलं पोतं, तोंड बाजूला, आणि मग हळूहळू सोडायचं. बहुतेक वेळा गाठ वाकणावर किंवा जोडावर सापडते आणि आत एखादा खडा निघतो. वाळू नीट चाळली असती तर हे टळलं असतं. गिलाव्याच्या वाळूचं मानक आयएस १५४२ आहे. त्याप्रमाणे जवळजवळ सगळी वाळू २.३६ मिलिमीटरच्या चाळणीतून पडायला हवी.

वीज गेली तर? पाइप भरलेला असताना वीज जाणं श्रीगोंद्याला नवीन नाही. आधी स्टार्टर बंद करायचा, नाहीतर वीज येताच यंत्र कुणाचा तरी हात आत असताना सुरू होईल. मी म्हणेन, दहा-पंधरा मिनिटं वाट पाहावी, तेवढ्यात वीज आली नाही तर दाब उतरवून पाइप सोडावेत आणि टाकीच्या पाण्याने हाताने धुवावेत. दोन पोती सिमेंट वाया गेलं तरी चालेल, पाइप वाचतो. तात्पुरत्या जोडणीला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच; ओल्या जमिनीवर ओल्या हातांनी चालणारं हे काम आहे. फेज उलटे लागले तर पंप उलटा फिरतो, म्हणून नवी जोडणी झाली की मोटारीवरच्या बाणाची दिशा पाहावी.

हॉपरमध्ये माल ओतणाऱ्या बहुतेक बायका असतात. पदर मिक्सरच्या पात्यात अडकायला क्षण लागत नाही. साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, पदर आत खोचलेला, केस बांधलेले, आणि हॉपरवरची जाळी काम संपेपर्यंत जागेवर. ‘माल लवकर पडतो’ म्हणून जाळी काढणाऱ्या मुकादमाला काम थांबवून सांगावं. आत अडकलेला गोळा काढायचा तर मेन स्विच पाडून, पेटीला कुलूप आणि किल्ली काढणाऱ्याच्याच खिशात. सिमेंटने भाजलेलं लगेच कळत नाही, संध्याकाळी कातडी सोलते. म्हणून रबरी हातमोजे आणि गमबूट. माल डोळ्यात गेला तर निदान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याची धार, आणि मग थेट दवाखाना.

आठवड्याची देखभाल थोडक्यात: गिअरबॉक्सचं तेल पाहणं, ग्रीस भरणं, हवेची जाळी झटकणं, पाइपावरचे फुगवटे आणि झिजलेली कपलिंग तपासणं. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी मात्र रोज काढायचं, नाहीतर टाकी आतून गंजते.

हे सगळं होत का नाही, तर गिलावा उक्त्यात, ब्रासवर दिला जातो. धुण्याचा तास ब्रासमध्ये मोजला जात नाही, म्हणून तो मजुराच्या खिशातून जातो आणि साहजिकच वाचवला जातो. ठेकेदारांनी दर ठरवतानाच हा तास वेगळा धरावा, त्याची मजुरी द्यावी. स्टेटर नवा घालण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या प्रत्येकाची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून घ्यावी. हॉपरवरच्या बायकांची आधी, कारण त्यांचीच नावं सगळ्यात जास्त राहून जातात.

पुढच्या आठवड्यात : यंत्राने मारलेल्या गिलाव्याला पाणी किती दिवस आणि कसं मारायचं.