किन्नरांची कुळे

माणूस आणि पशू यांच्या मिश्रणातून भारतीय कल्पनेने जी रूपे घडवली, त्यांपैकी बहुतेकांचा देह ठरून गेलेला आहे. नृसिंहाचे मस्तक सिंहाचे, गणपतीचे हत्तीचे आणि नागाचे कमरेखालचे अंग सर्पाचे; मूर्तिकार कोणत्याही प्रांतातला असला, तरी यात सहसा गल्लत होत नाही. किन्नर मात्र या शिस्तीत कधीच बसला नाही. कुठे तो घोड्याच्या तोंडाचा माणूस आहे, कुठे माणसाच्या तोंडाचा घोडा, कुठे कमरेपर्यंत माणूस आणि खाली पक्षी, तर कुठे कपाळावर शिंग असलेला चिलखतधारी देव. एवढे देह बदलूनही त्याचे नाव टिकले, आणि त्याच्या दोन खुणा बहुतेक ठिकाणी त्याच्याबरोबर गेल्या: त्याचे गाणे आणि त्याचे जोडपे. या जातीची ओळख तिच्या अवयवांवरून पटवायला गेल्यास हाती काही लागत नाही. ती या दोन खुणांवरूनच पटते.

चित्रे आणि मूर्ती कशा घडवाव्यात याचे नियम विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात सविस्तर आले आहेत. तिथे किन्नरांचे दोनच प्रकार मान्य केलेले आहेत: एक, ज्याचे मुख माणसाचे आणि शरीर घोड्याचे, दुसरा, ज्याचे शरीर माणसाचे आणि मुख घोड्याचे. अमरकोशात किन्नर, किंपुरुष, तुरंगवदन म्हणजे घोड्याच्या तोंडाचा, आणि मयु ही चारही नावे एकाच प्राण्याची म्हणून दिली आहेत. महाभारताच्या आदिपर्वात मात्र वानर आणि किन्नर ही पुलस्त्य ऋषींची संतती, तर सिंह, वाघ आणि किंपुरुष ही पुलहांची, अशी वाटणी केलेली आढळते. म्हणजे ज्यांना कोशकार एकच समजतो, त्यांना महाभारतकार दोन वेगळ्या घराण्यांत घालतो. असले मतभेद लेखकांचा निष्काळजीपणा म्हणून झटकून टाकण्याची सवय अभ्यासकांना असते. पण ज्या प्राण्याला कोणी पाहिलेच नाही, त्याची वंशावळ एकमुखी असती तरच नवल.

सर्वांत जुना थर वैदिक वाङ्मयातला आहे आणि तिथे गाण्याचा मागमूसही नाही. ऐतरेय ब्राह्मणात यज्ञपशूंविषयी एक कथा येते. देवांनी प्रथम माणसाला बळी म्हणून निवडले, तेव्हा त्याच्यातला ‘मेध’, म्हणजे यज्ञाला योग्य असा सारभाग, निघून घोड्यात गेला आणि सार गेलेला जो माणूस उरला तो किंपुरुष झाला. पुढे मेध घोड्यातून बैलात, बैलातून मेंढीत आणि मेंढीतून बोकडात जातो आणि प्रत्येक वेळी मागे उरलेला प्राणी रानटी व अखाद्य ठरतो. इथला किंपुरुष म्हणजे माणसातून माणूसपण वजा केल्यावर उरणारी बाकी. पुढच्या काळात याच शब्दाभोवती हिमालय, प्रणय आणि संगीत यांचे जे वलय तयार झाले, त्याची चाहूलही या कथेत लागत नाही. एकच धागा टिकून राहिला, तो म्हणजे माणसाच्या वस्तीबाहेरची, डोंगरातली जागा. रामायणाच्या उत्तरकांडात इला आणि तिच्या सख्या शिवाच्या वनात स्त्रीरूपात अडकतात, तेव्हा बुध त्या सख्यांना किंपुरुषी होऊन डोंगरउतारावर कंदमुळे खाऊन राहायला सांगतो आणि त्यांना किंपुरुष पती मिळतील असे आश्वासन देतो. पुराणांच्या भूगोलात तर जंबुद्वीपाच्या नऊ वर्षांपैकी, म्हणजे भूखंडांपैकी, एकाचे नावच किंपुरुषवर्ष आहे आणि हनुमान तिथे रामाची उपासना करत राहतो, असे भागवतात म्हटले आहे.

कालिदासाच्या हाती हा डोंगरातला उपेक्षित प्राणी आला आणि त्याचे भाग्य पालटले. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गातील हिमालयवर्णनात किन्नर गायला लागतात, तेव्हा गुहांतून येणारा वारा वेळूंच्या छिद्रांत शिरून त्यांना जणू सूर धरून देतो. घोड्याच्या तोंडाच्या स्त्रिया तिथे गोठलेल्या बर्फावरून चालतात; बोटे आणि टाचा गारठून दुखत असूनही नितंबांच्या आणि स्तनांच्या भारामुळे त्यांना आपली संथ चाल सोडता येत नाही. गुहेत प्रियकराने वस्त्र ओढल्यामुळे लाजलेल्या किंपुरुषस्त्रियांसाठी ढगच दारावर पडद्यासारखे उतरतात. घोड्याचे तोंड आणि शृंगाररस यांची सांगड आजच्या वाचकाला विचित्र वाटेल; पण कालिदासाने त्या तोंडाचे वर्णन करण्याचे सोयीस्करपणे टाळले आहे, आणि त्याचे कसब बहुधा तिथेच आहे.

बौद्ध परंपरेने घोडा बाजूला ठेवून पक्षी स्वीकारला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या भारहुतच्या स्तूपावरील एका शिल्पात सिंहासनस्थ राजापुढे एक जोडपे उभे आहे. कमरेच्या वर ते माणसासारखे आहे आणि खाली पानांचा म्हणावा की पिसांचा, असा घोळ आहे. शिल्पावर ब्राह्मी लिपीत किन्नर जातक असे नाव कोरलेले असल्यामुळे ओळखीचा प्रश्न उरत नाही. सांचीच्या स्तूपावर बोधिवृक्षाच्या दोन्ही बाजूंना हार घेऊन उडणारे पंखधारी किन्नर आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या सभोवारच्या खडकाळ पार्श्वभूमीवर जे किन्नर रंगवले आहेत, त्यांचा चेहरा, खांदे आणि वाद्यावरची बोटे माणसाची असून पाय सरळ पक्ष्याचे आहेत. चित्रकाराने माणूस कुठे संपतो आणि पक्षी कुठे सुरू होतो ती रेघ इतकी मऊ ठेवली आहे की घाईत पाहणाऱ्याला ते नुसते वादकच वाटावेत. हा बदल का झाला, याचे कारण या प्राण्याच्या कामात शोधणे अधिक योग्य ठरेल. ज्याने गायचे आणि स्तूपावरून पुष्पवृष्टी करायची, त्याला खुरांपेक्षा पंखांचा उपयोग जास्त.

किन्नरांच्या स्वभावाचे खरे चित्र पाली जातककथांत, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांत सापडते. भल्लाटिय जातकात शिकारीला गेलेल्या राजाला नदीकाठी एक किन्नर जोडपे परस्परांना मिठी मारून रडताना दिसते. चौकशी केल्यावर कळते की पूर आल्यामुळे ती दोघे एकदा एक रात्र नदीच्या दोन तीरांवर अडकली होती, आणि त्या एका रात्रीचे दुःख ती करत आहेत. त्या रात्रीला तेव्हा 697 वर्षे झालेली असतात. किन्नरांचे आयुष्य हजार वर्षांचे, हे लक्षात घेतले तर हिशेब आणखी बोचतो. राजा शिकार सोडून घरी परततो, आणि ही कथा ऐकवली जाते ती भांडलेल्या एका राजाराणीला. चंदकिन्नर जातकात काशीचा राजा किन्नरीच्या मोहाने तिच्या पतीला बाण मारतो, पण ती राजाला झिडकारते आणि तिच्या आक्रोशाने शक्राला, म्हणजे इंद्राला, खाली येऊन तिचा पती जिवंत करावा लागतो. ही कथा बुद्धाने कपिलवस्तूला यशोधरेच्या निष्ठेसंदर्भात सांगितली, असे परंपरा मानते.

तक्कारिय जातकातला प्रसंग मात्र या सर्वांहून तिखट आहे. एक पारधी हिमालयातून किन्नरांचे जोडपे पकडून राजाकडे आणतो. त्यांचे गाणे अपूर्व असते अशी ख्याती असल्यामुळे राजा त्यांना गायला सांगतो, पण चुकीचे काही तोंडून निघेल या भीतीने ती गप्प राहतात. राजाचा संताप अनावर होतो आणि गात नसतील तर शिजवून आणा, असा हुकूम सुटतो. तेव्हा कुठे किन्नरी बोलते आणि आपण मूर्खपणामुळे मौन धरले नव्हते, असे समजावते. राजा तिची सुटका करतो, पण नराला न्याहारीला ठेवतो. मग नर बोलतो, आणि एकाला सोडून दुसऱ्याला मारण्यात सुटका कोणाचीच होत नाही हे पटवून दोघांचा जीव वाचवतो. गायक आणि खाद्य यांच्यात अंतर फक्त राजाच्या मर्जीचे आहे, हे या कथेने किती थंडपणे सांगून टाकले आहे.

किन्नरीला सर्वांत मोठा प्रवास घडवला तो मनोहरेच्या कथेने. दिव्यावदान आणि महावस्तू या संस्कृत बौद्ध ग्रंथांत ती आढळते. किन्नरराज द्रुमाची मुलगी मनोहरा जलक्रीडा करत असताना एक शिकारी अमोघ पाश टाकून तिला पकडतो. तिची उडण्याची शक्ती तिच्या मस्तकावरच्या चूडामणीत असल्यामुळे तो हाती आल्यावर ती पळू शकत नाही. राजपुत्र सुधन तिच्याशी लग्न करतो, पुरोहिताच्या कारस्थानामुळे तिला उडून जावे लागते, आणि सुधन उत्तरेकडचे दुर्गम पर्वत ओलांडून किन्नरनगरीत पोचतो, तेव्हा तिच्या स्नानाच्या घागरीत टाकलेल्या अंगठीवरून तिला त्याची ओळख पटते. जावातील बोरोबुदूरच्या स्तूपावर, पहिल्या सज्जाच्या भिंतीवर ही संपूर्ण कथा 20 शिल्पपटांत कोरलेली आहे. प्रंबाननच्या मंदिरावर कल्पवृक्षाखाली किन्नर-किन्नरी जोडीने उभी असतात. दक्षिण थायलंडमध्ये या कथेच्या नायिकेवरून ज्याला नाव मिळाले ते ‘नोरा’ नृत्यनाट्य आजही चालते; रंगीत मण्यांचा पोशाख, पक्ष्याचे शेपूट आणि बोटांना लावलेली लांब, वळलेली नखे ही त्याची खूण असून 2021 साली युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

थायलंडमध्ये पोचेपर्यंत किन्नरांचे एक संपूर्ण अरण्यच तयार झाले होते. संस्कृतातल्या हिमवंताचे थाई रूप ‘हिम्मफान’. मेरूच्या पायथ्याचे हे वन नाना प्रकारच्या मिश्र प्राण्यांनी भरलेले आहे असे तिथले ग्रंथ सांगतात. बँकॉकच्या राजवाड्याच्या आवारातील वात फ्रा केओ या मंदिराच्या चौथऱ्यावर त्यांच्या सोन्याने मढवलेल्या मूर्ती आहेत: किन्नर आहेतच, शिवाय वर अप्सरा आणि खाली सिंहीण असलेली ‘अप्सोनसी’ आहे. 2017 साली राजे भूमिबोल यांच्या अंत्यसंस्कारासाठी उभारलेल्या भव्य चितामंडपाभोवती याच अरण्यातले प्राणी मांडले होते, कारण राजाचा तो मंडप मेरू पर्वत मानला जातो. म्यानमारमध्ये कायाह राज्याच्या ध्वजावर किन्नर-किन्नरीच आहेत.

पूर्व आशियात मात्र जोडपे हरवले. बुद्धाच्या सभेला येणाऱ्या आठ प्रकारच्या अमानवी श्रोत्यांत किन्नरांची गणना होते आणि चिनी भाष्यकारांनी त्यांच्या डोक्यावर शिंग बसवले. जपानमधील नारा येथील कोफुकुजी मंदिरात या आठांच्या मूर्ती आहेत. सम्राज्ञी कोम्यो हिने आईच्या स्मरणार्थ बांधवलेल्या सभागृहासाठी 734 साली, कापडावर उरुशी झाडाच्या चिकाचे थर चढवून त्या घडवल्या गेल्या. त्यातला किन्नर एकशिंगी आणि तीन डोळ्यांचा असून अंगात चिलखत आहे. सांचीच्या पाखराशी त्याचे नाते कोणाला सुचणार नाही. चीनमध्ये शाओलिन मठाने तर त्याला स्वयंपाकघरात पोचवले: मठावर बंडखोर चालून आले तेव्हा चुलीपाशी काम करणाऱ्या एका साध्या सेवकाने हातातल्या काठीने त्यांना पिटाळले आणि आपण किन्नरराज असल्याचे सांगून तो नाहीसा झाला, अशी दंतकथा तिथे आहे. तरी गाणे पूर्ण सुटले असे नाही. द्रुमाच्या नावाचे एक महायान सूत्र आहे आणि दुसऱ्या शतकातल्या लोकक्षेमाच्या नावावर त्याचा चिनी अनुवाद सांगितला जातो. त्यात द्रुम वीणा छेडतो तेव्हा महाकाश्यपासारख्या विरक्त स्थविरालाही बसल्या जागी राहवत नाही आणि तो नाचू लागतो.

जैन ग्रंथांनी या सर्वांचे वर्गीकरण त्यांच्या नेहमीच्या काटेकोरपणाने केले: व्यंतर नावाच्या देवांचे आठ वर्ग, त्यात किन्नर पहिला आणि किंपुरुष दुसरा, आणि किन्नरांचे पुन्हा पोटभेद. पंधरावे तीर्थंकर धर्मनाथ यांच्या यक्षाचे नावही किन्नरच.

आज हा शब्द उच्चारला की बहुतेकांना तृतीयपंथी समाज आठवतो, आणि ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी 2015 साली स्थापन केलेल्या किन्नर आखाड्यामुळे तो अर्थ अधिकच रुजला आहे. जुन्या वाङ्मयातले किन्नर बहुतेक नर-मादीच्या जोडीनेच येतात, त्यामुळे हा अर्थ नंतरचा म्हणावा लागतो. मात्र हिणवणाऱ्या शब्दांना पर्याय म्हणून त्या समाजाने देवगायकांचे नाव जवळ केले, यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. हिमाचल प्रदेशातील किन्नौर जिल्ह्याचे रहिवासीही आपले नाते याच नावाशी सांगतात.

महाराष्ट्रात किन्नर उरला तो वाद्यात. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात संगीतरत्नाकर लिहिला आणि त्यात किन्नरी वीणेचे लहान व मोठे असे प्रकार वर्णिले. बांबूच्या दांडीला भोपळे, आणि दांडीवर मेणाने चिकटवलेले चौदा पडदे, तेही गिधाडाच्या हाडांचे. ज्या जातीच्या अर्ध्या देहाला पंख होते तिच्या नावाच्या वाद्याला पक्ष्याची हाडे लागावीत, हा योगायोगही असेल. पडदे बसवलेल्या भारतीय वीणांच्या इतिहासात या वर्णनाला महत्त्वाचे स्थान आहे. मातंग समाजाच्या वंशकथा सांगत फिरणारे डक्कलवार जे वाद्य वाजवतात त्याला किंगरी म्हणतात, तर तेलंगणात त्याच कुळातला किन्नेरा वाजवला जातो. बारा पडद्यांचा किन्नेरा वाजवणारे दर्शनम मोगुलय्या यांना 2022 साली पद्मश्री जाहीर झाली.