आधी पाणी, मग द्रावक, शेवटी तेल

पिस्तूल असो वा रिव्हॉल्व्हर, नळीत चार थेंब तेल सोडून चिंधी फिरवली की हत्याराची निगा झाली, हा समज फार जुना आणि तितकाच घातक आहे. तेल पोलादाला राखते, धूत नाही. जुनी काडतुसे वापरली असतील तर खास द्रावकही सगळे काम करत नाही, कारण गंजाचे मूळ बारुदात नसून काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीत असते.

जुन्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते, म्हणजे मिठाचाच सख्खा भाऊ. पुण्याजवळच्या खडकीच्या दारुगोळा कारखान्याच्या (स्थापना 1869) ‘केएफ’ खुणेच्या जुन्या .303 काडतुसांचीही हीच ख्याती आहे. धूरविरहित बारुदाचे आम्ल पोलादाच्या छिद्रांतून ‘घामासारखे’ पाझरते, असे विसाव्या शतकाच्या आरंभी मानले जाई. पुढे अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्समधल्या संशोधकांनी दोष या क्षाराचा असल्याचे दाखवून दिले. क्षार तेलात विरघळत नाही. तेल त्याच्यावर पांघरूण घालते आणि खाली तो सुरक्षित राहतो! म्हणून ब्रिटिश शिपाई गोळीबारानंतर नरसाळ्याने नळीत उकळते पाणी ओतत. तो मुळीच वेडेपणा नव्हता.

हा क्षार हवेतली आर्द्रता सुमारे 85 टक्क्यांपर्यंत चढल्यावर पाणी ओढून घेतो. भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादकडे पाहिले तर यातली मेख कळते. मराठवाड्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये अस्वच्छ नळीही लखलखीत दिसते. जुलैच्या ओल्या रात्री आल्या की तीच आतून तांबडी पडते आणि दोष पावसाला दिला जातो. चामड्याच्या म्यानात हत्यार महिनोन्‌महिने ठेवणाऱ्यांचे नुकसान दुप्पट, कारण चामडे ओल धरून ठेवते.

पाण्याने पोलाद गंजणारच, असा आक्षेप येईल. गंजेल, ते ओलेच ठेवले तर. गरम पाण्यात भिजवलेली चिंधी नळीतून आणि चक्रीच्या प्रत्येक घरातून फिरवावी, पाठोपाठ कोरड्या चिंध्या ओढाव्यात. पाणी चापाच्या यंत्रणेत जाऊ देऊ नये. आजच्या काडतुसांत क्लोरेट नसते, मग हा खटाटोप कशाला, हा दुसरा आक्षेप रास्त आहे. तिथे पाण्याची पायरी गाळावी. पण शिसे आणि बारुदाची काजळी उरतेच. ती द्रावक आणि पितळी ब्रशनेच सुटते. कानपूरला बनणाऱ्या .32 रिव्हॉल्व्हरसारख्या हत्यारात ही काजळी रिकामी काडतुसे बाहेर ढकलणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या भागाखाली साचते आणि चक्री घट्ट फिरू लागते.

राहिले तेल. इथे बोटाला जेमतेम लागेल एवढा थर पुरे. जास्त तेलावर उन्हाळ्यातली धूळ बसते आणि तिची कुरुंदासारखी पेस्ट होऊन सांधे झिजवते. वाहून गेलेले तेल काडतुसाच्या टोपीत मुरले तर ऐन वेळी बार फुसका जाऊ शकतो.

परवानाधारकांनी सफाईपूर्वी हत्यार रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. मृगाआधी एक कोरडी पांढरी चिंधी नळीतून ओढून पाहा. ती तांबूस निघाली, तर वरून तेल न घालता हत्यार परवानाधारक कारागिराला दाखवा.