पदर सुटतो कुठे?

घडीच्या पोळीत पदरांना तेल लावतात, ते सुटावेत म्हणून. लोहाराचं उलट. पोलादाच्या सात पट्ट्या एकावर एक रचायच्या, तापवायच्या, ठोकायच्या, लांबवून दुमडायच्या. साताचे चौदा, चौदाचे अठ्ठावीस; पाच घड्यांत २२४ पदर, आणि एकही सुटता कामा नये. पातं घासून फेरिक क्लोराइडात बुडवलं की लाटांची नक्षी उमटते. पदर सुटलेला असेल, तर नक्षीत केसाएवढी काळी रेघही उमटते.

याला सर्रास ‘दमास्कस’ म्हणतात. पण आपलं जुनं वुट्झ पोलाद मुशीत वितळवलेलं असे, त्याची नक्षी आतूनच यायची. हे घड्यांचं पोलाद मात्र सांध्यांचं. १९७३ मध्ये अमेरिकेत चाकू घडवणाऱ्या बिल मोरान यांनी असे घड्यांचे चाकू प्रदर्शनात मांडले आणि हौशींची रांग लागली.

वऱ्हाडाला मात्र हा सांधा हौस म्हणून ठाऊक नाही, कुऱ्हाड म्हणून ठाऊक आहे. लोखंड इथे जुनंच: चांदूर बाजार तालुक्यातल्या फुबगावला लोहयुगातली वस्ती उत्खननात सापडली. पूर्वेला नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच. पुढच्या काळातल्या गावलोहाराकडे पोलाद महाग आणि थोडं. म्हणून कुऱ्हाडीचं अंग मऊ लोखंडाचं, आणि धारेपुरती पोलादाची पट्टी त्यात पाचरीसारखी बसवून भट्टीत एकजीव केलेली.

सांधा बिघडतो तो बहुतेक वेळा घण पडायच्या आधीच. तापलेल्या लोखंडावर हवा लागली की खपली धरते, आणि खपलीला खपली चिकटत नाही. म्हणून पट्ट्या आधी चकचकीत घासायच्या, तांबूस झाल्या की टाकणखार टाकायचा. तो साधारण ७४० अंशांना काचेसारखा वितळतो, खपली विरघळवतो आणि हवा अडवतो. तरीही जोड धरत नसेल, तर बोट भात्याकडे दाखवावं. कोळशाचा थर उथळ आणि वारा जास्त झाला की निखाऱ्यात न खपलेली हवा थेट पट्टीवर जाते. निखारा खोल हवा, वारा संथ. दगडी कोळशातलं गंधक लोखंडात शिरलं तर ते तापल्यावर ठिसूळ होतं. बाभळीचा लाकडी कोळसा इथे बरा.

खरी परीक्षा रंगाची. वितळल्या तुपासारखी ओलसर झळाळी आली की वेळ झाली. फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या तर पोलाद जळलं, ते परत येत नाही. अकोल्याच्या मे महिन्यातल्या उन्हात हा रंग फिका दिसतो, अजून तापायचं आहे असं वाटतं आणि पोलाद हातचं जातं. लोहाराची जागा अंधारी असते ती गरिबीमुळेच नव्हे. त्यात मऊ लोखंडाला आच जास्त लागते आणि कडक पोलाद त्याआधीच जळू लागतं. कुऱ्हाडीत पोलाद लोखंडाच्या पोटात दडवलेलं असतं, म्हणून आच आधी अंगाला लागते. ही मला या साऱ्या कामातली सर्वांत शहाणी युक्ती वाटते.

पहिले घाव हलके, मधून कडेकडे, म्हणजे वितळलेला टाकणखार बाहेर पडतो. जोराने ठोकलं की तो आत कोंडतो किंवा पदर घसरतात. पट्टी निवताना अंगावर एखादा भाग आधी काळवंडला, तर वरचा पदर तिथे सुटला आहे: खालची ऊब त्याच्यापर्यंत पोचत नाही. तेव्हा आणखी ठोकून उपयोग नाही. कडेला असेल तर कापून टाकावं. मध्ये फुगा असेल तर भोक पाडून, टाकणखार घालून पुन्हा तापवावं.

सांधे धरले तरी नक्षी हरवू शकते. घड्या वाढल्या की कर्ब पदरापदरांत पसरून सारखा होतो. निकेल मात्र जागेवरून सहसा हलत नाही, म्हणून निकेल असलेल्या आरा मशीनच्या पट्ट्याला या कामात भाव आहे. ट्रकचे कमानपाटे स्वस्त मिळतात, पण त्यांतल्या काहींत क्रोमियम असतं आणि त्याची खपली टाकणखाराला दाद देत नाही.

याच पाट्यांनी गावचा सांधा मोडीत काढला. मूर्तिजापूरकडच्या रस्त्यावर गाडी लोहारांची पालं दिसतात, तिथे आता अख्खी कुऱ्हाड पाट्यातूनच निघते. जोडच नाही, तर सुटणार काय? तरी जुनं गिऱ्हाईक कुऱ्हाड उचलतं, कानाजवळ धरून टिचकी मारतं, मडकं घेताना मारावी तशी, आणि मग भाव विचारतं.