कौलाशिवाय पेठ वसत नाही

५ जानेवारी २००६. इराकमधल्या रमादी शहरात, काच कारखान्याच्या आवारात पोलीस भरतीची रांग लागली होती. रांगेत शेकडो तरुण होते. त्यांच्यात मिसळलेल्या एका आत्मघातकी हल्लेखोराने स्वतःला उडवले आणि पन्नासाहून अधिक माणसे जागीच गेली. त्याच दिवशी, जखमींना हलवल्यावर, वाचलेल्यांपैकी कितीतरी जण पुन्हा त्याच रांगेत येऊन उभे राहिले.

पुढच्या काही आठवड्यांत भरतीला पाठिंबा देणाऱ्या टोळीप्रमुख शेखांवर हल्ले झाले, काही मारले गेले, आणि रांग आटली. त्या तरुणांच्या धैर्यात काही कमी नव्हते. पण रात्री दारावर थाप पडली तर आपल्या पाठीशी कोण, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. अमेरिकी फौजेचा मुक्काम तेव्हा मुख्यतः शहराच्या कडेच्या मोठ्या तळांवर असे. गस्त येई आणि निघून जाई.

मराठेशाहीच्या कागदपत्रांत पाठीशी उभे राहण्याच्या अशा वचनाला एक नेमका शब्द आहे : कौल. ओसाड पडलेला गाव पुन्हा वसवायचा, नवी पेठ उभी करायची, तर सरकारातून कौल दिला जाई. पहिली काही वर्षे सारा माफ किंवा नाममात्र, पुढे इस्ताव्याने चढत जाणारा, आणि सोबत अभयाचे वचन. उदमी यायचा तो सवलतीसाठी. टिकायचा तो अभयामुळे. परदेशात गेलेले सैन्य उद्ध्वस्त गावात सुरक्षितता आणि रोजगार पुन्हा उभा करू शकते का, हा प्रश्न गेली वीस वर्षे जगभरचे लष्करी अधिकारी आणि अर्थशास्त्रज्ञ चघळत आहेत. इराकचा अनुभव वाचताना मला वारंवार हाच जुना शब्द आठवत राहिला. तिथे पैसा भरपूर आला. कौल उशिरा आला, आणि तो पाळला गेला नाही.

बसऱ्याच्या मोत्यांचा देश

इराक मराठी घराला अगदी परका नाही. आजीच्या नथीतले मोती बसऱ्याचे असत. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडली आणि एप्रिल १९१६ मध्ये तिथल्या साऱ्या फौजेबरोबर तिलाही शरण जावे लागले. पुढे सप्टेंबर १९१७ मध्ये तुर्कांकडून रमादी जिंकून घेतली ती ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातल्या १५ व्या डिव्हिजनने. २००३ मध्ये इराकवर हल्ला केल्यावर अमेरिकेने भारताकडे फौज मागितली. त्या वर्षी १४ जुलैला वाजपेयी सरकारने नकार दिला. पुढे जे घडले ते पाहता तो निर्णय शहाणपणाचा होता.

कारण या युद्धाचा पायाच खोटा होता. ज्या महासंहारक अस्त्रांसाठी ते पुकारले गेले, ती सापडलीच नाहीत. बगदाद पडल्यावर महिना-दीड महिन्यात तिथल्या अमेरिकी प्रशासनाची दोन फर्माने निघाली. पहिल्याने पदच्युत राजवटीच्या बाथ पक्षाच्या वरच्या थरातील लोकांना सरकारी नोकरीतून काढले. २३ मे २००३ च्या दुसऱ्याने इराकी सैन्यच बरखास्त केले. शस्त्र चालवता येणारे लाखो पुरुष एका दिवसात बेकार झाले. जवळजवळ दोनशे सरकारी कारखाने कच्चा माल, वीज आणि भांडवलाविना थंडावले. सीमेवरची जकात उठल्याने परदेशी मालाचा लोंढा आला. इराकी कारागिराचा बाजार बाँब फुटण्याआधीच बसू लागला होता.

रमादी ज्या अनबार प्रांतात आहे, तिथे याची झळ तीव्र होती. बगदादहून जॉर्डनला जाणारा महामार्ग याच प्रांतातून जातो. त्यावरची वाहतूक आणि जोडीची तस्करी ही अनेक टोळ्यांची जुनी मिळकत. अल-कायदाने ती मिळकत ओढून घेतली, विरोध करणाऱ्यांचे मुडदे पाडले आणि ऑक्टोबर २००६ मध्ये ‘इस्लामिक स्टेट ऑफ इराक’ची घोषणा झाली तेव्हा रमादीला आपली राजधानी म्हटले. अनबारच्या बंडात धर्म होता, परकीय फौजेवरचा राग होता, तसा रोजीरोटीचा झगडाही होता.

तळ सोडून गल्लीत

जून २००६ मध्ये कर्नल शॉन मॅकफारलंड यांची ब्रिगेड तल अफारहून रमादीत आली. त्यांनी शहराबाहेर राहण्याचा शिरस्ता मोडला. वस्त्यांच्या आत इमारती ताब्यात घेऊन लहान चौक्या उभारल्या आणि सैनिक तिथेच राहू लागले. हल्ले सोसले, माणसे गमावली. पण चौकी उठली नाही. आता गल्लीतल्या माणसाला रोज सकाळी तेच चेहरे दिसू लागले.

दुसरा बदल भरतीच्या अटींत झाला. पोलिसात आलेला तरुण आपल्याच भागात, आपल्याच घराच्या राखणीला राहील, असे शेखांना सांगण्यात आले. अरबी जाणणारे कॅप्टन ट्रॅव्हिस पॅट्रिक्विन शेखांच्या दिवाणखान्यांत तासन्‌तास चहा पीत बसले. काडीच्या माणसांची चित्रे काढून त्यांनी साध्या भाषेत एक सादरीकरण केले. त्याचा मथितार्थ असा, की इथला शेख ही शेकडो वर्षांची संस्था आहे. तिला वगळून इथे काही घडणार नाही. ६ डिसेंबर २००६ रोजी रस्त्यातल्या बाँबने त्यांचा जीव घेतला.

त्याआधी ऑगस्टमध्ये अल-कायदाने एक घोडचूक केली होती. पोलीस भरतीला माणसे देणाऱ्या अबू अली जासिम टोळीच्या शेखाला मारून त्यांनी मृतदेह लपवून ठेवला. मरणानंतर तातडीने दफन हा तिथल्या श्रद्धेचा भाग. त्याची विटंबना टोळ्यांच्या जिव्हारी लागली. १४ सप्टेंबर २००६ रोजी शेख अब्दुल सत्तार अबू रिशा यांच्या पुढाकाराने टोळ्यांनी अल-कायदाविरुद्ध एकत्र येण्याचे जाहीर केले. हीच ‘अनबारची जाग’. पोलिसांची संख्या काही शेकड्यांवरून हजारांत गेली. २००७ च्या फेब्रुवारीत रमादी भागात दिवसाकाठी तीसेक हल्ले होत. उन्हाळा सरता सरता एकही हल्ला न झालेले दिवस येऊ लागले.

मग सैनिकांच्या हाती बंदुकीबरोबर फावडीही दिसू लागली. पण राडारोडा उपसण्याचे मुख्य काम स्थानिक मजुरांना रोजंदारीवर दिले गेले. पैसा त्याच गल्लीत खर्च होई. भाजीवाला, बेकरीवाला, चहावाला यांच्या गल्ल्यात तो संध्याकाळपर्यंत पोचे.

अडीच हजार डॉलरचे भांडवल

सैनिकांच्या हाती हा पैसा आला कसा, ही गोष्ट अद्भुतच आहे. एप्रिल २००३ मध्ये बगदादच्या राजवाड्यांच्या परिसरात अमेरिकी सैनिकांना भिंतीआड दडवलेले सुमारे ६५ कोटी डॉलर रोख सापडले. अशा जप्त रकमांतून फौजी अधिकाऱ्यांसाठी तातडीच्या स्थानिक कामांचा एक निधी सुरू झाला. पुढे अमेरिकी संसद त्यात भर घालू लागली. शाळेची दुरुस्ती, विहीर, गटार, रोहित्र अशी कामे अधिकारी जागेवरच मंजूर करू शकत.

२००७ पासून त्यातून छोट्या दुकानदारांना अनुदान मिळू लागले. रक्कम साधारण अडीच हजार डॉलरपर्यंत. गस्तीवरची तुकडी दुकान दर दुकान फिरे. काय विकता, काय जळाले, पुन्हा उघडायला काय लागेल, असे विचारी. कुणाला फ्रिज हवा असे, कुणाला शिलाई यंत्र, कुणाला जनित्र. काम मंजूर करणारा एक आणि पैसे मोजून देणारा दुसरा, असा नियम होता. काही दिवसांनी तीच तुकडी परत येऊन दुकान उघडले का, माल भरला का, हे पाही.

ही परत येण्याची खात्रीच अनुदानाचे खरे मोल होते. अडीच हजार डॉलरचा फ्रिज एका हातबाँबात जातो. गस्त उद्याही येणार आहे, हे दुकानदाराला आणि बाँब ठेवणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असले, तरच तो फ्रिज भांडवल ठरतो.

भिंतीआडची पेठ

बगदादमध्ये प्रश्न आणखी बिकट होता. तिथे बाजार हेच लक्ष्य होते. ३ फेब्रुवारी २००७ रोजी सदरिया मंडईत ट्रकबाँबने सव्वाशेहून अधिक माणसे मारली. एप्रिलमध्ये त्याच ठिकाणी पुन्हा शंभराहून अधिक गेली. ५ मार्चला मुतनब्बी रस्त्यावर मोटारबाँब फुटला. दहाव्या शतकातल्या महाकवीच्या नावाचा हा रस्ता म्हणजे बगदादचा अप्पा बळवंत चौक : दोन्ही बाजूंना पुस्तकांची दुकाने आणि टोकाला १९१७ पासूनचे शाबंदर चहागृह. पुस्तके जळाली, माणसे जळाली. चहागृहाच्या मालकाने एका दिवसात मुले आणि नातू गमावले. तरी त्याने चहागृह पुन्हा उभे केले. डिसेंबर २००८ मध्ये तो रस्ता डागडुजीनंतर पुन्हा खुला झाला.

बाजार वाचवण्यासाठी सैन्याने योजलेला उपाय ओबडधोबड होता : काँक्रीटच्या उंच भिंती. बाजाराला चारी बाजूंनी भिंत, आत फक्त पायी प्रवेश. स्फोटकांनी भरलेली गाडी आत येऊ शकत नसे. दक्षिण बगदादमधल्या दोरा बाजारात जवळजवळ सगळी शटर्स बंद होती. वर्षभरात तिथे शेकडो दुकाने उघडली. २००८ च्या वसंतात सद्र सिटीत अल-कुद्स रस्त्यालगत महिनाभर लढत लढत सैनिकांनी सुमारे तीन हजार काँक्रीट ठोकळे उभे केले आणि पाच किलोमीटरच्या आसपास लांबीची भिंत घातली. भिंतीच्या सुरक्षित बाजूला जमिला हा मोठा घाऊक बाजार आला. त्या व्यापाऱ्यांकडून मेहदी सेना ही शिया सशस्त्र संघटना खंडणी वसूल करी. भिंत पुढे सरकत गेली तशी ती मिळकत तुटू लागली, म्हणूनच ती थांबवण्यासाठी मेहदी सेना इतक्या जिद्दीने लढली.

या भिंतींची किंमतही लोकांनीच मोजली. हमालीचा खर्च वाढला, गिऱ्हाईक तुटले, शिया आणि सुन्नी मोहल्ल्यांमधला जुना राबता भिंतीने अडवला. भिंतीने जीव वाचवले हे खरे. शेजार मात्र तिने परत आणला नाही.

हिशेबाच्या वह्या

इराकच्या पुनर्बांधणीवर अमेरिकेने सुमारे ६० अब्ज डॉलर खर्चले. त्यांच्याच विशेष महानिरीक्षकाने मार्च २०१३ च्या अखेरच्या अहवालात त्यातले किमान ८ अब्ज वाया गेल्याचे नमूद केले. खान बनी साद इथला तुरुंग कोट्यवधी डॉलर गिळून अर्धवट पडून राहिला. फल्लुजाच्या सांडपाणी योजनेचा अंदाज सव्वातीन कोटी डॉलरचा. प्रत्यक्ष खर्च तिपटीवर गेला आणि जोडली गेलेली घरे ठरल्यापेक्षा बरीच कमी.

लहान कामांची कहाणी वेगळी निघाली. एली बर्मन, जेकब शापिरो आणि जोसेफ फेल्टर यांनी इराकच्या जिल्ह्याजिल्ह्यांतील खर्च आणि हिंसा यांची आकडेवारी ताडून २०११ मध्ये निष्कर्ष मांडला : ५० हजार डॉलरच्या आतली कामे हिंसा कमी करण्यात अधिक उपयोगी पडली. पुढच्या अभ्यासात त्यांनी आणखी दोन अटी सांगितल्या : काम जिथे चालते तिथे फौजेचा वावर हवा, आणि जोडीला विकासातले जाणकार हवेत. याच मंडळींच्या दुसऱ्या एका अभ्यासाने तर रूढ समजालाच धक्का दिला. बेकारी वाढली की हल्ले वाढतात, असे इराक, अफगाणिस्तान आणि फिलिपिन्समधल्या आकड्यांत दिसेना. नुसता रोजगार दिला की शांतता येते, या भाबड्या समीकरणाला त्यात आधार मिळत नाही.

या हिशेबात आणखी एक पान आहे. याच अनबारमधल्या हदिसा गावात १९ नोव्हेंबर २००५ रोजी अमेरिकी मरीन सैनिकांनी २४ नागरिकांना ठार केले. त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. परक्या फौजेने दिलेला कौल लोकांना इतका उशिरा का पटला, याचे उत्तर शोधताना हे पान वगळता येणार नाही.

मोडलेला शब्द

अबू रिशा यांना १३ सप्टेंबर २००७ रोजी रमादीत बाँबने मारण्यात आले. तरी चळवळ टिकली. २००८ पर्यंत इराकभर सुमारे एक लाख स्थानिक राखणदार महिना तीनशेएक डॉलरवर उभे होते. त्यांच्यातल्या पाचव्या हिश्श्याला पोलिसांत किंवा सैन्यात आणि बाकीच्यांना मुलकी नोकरीत घेण्याचे बगदाद सरकारने कबूल केले होते. पगाराची जबाबदारी सरकारकडे गेली. पण २०१० पर्यंत निम्म्यांनाही नोकरी मिळाली नव्हती. कित्येकांना अटक झाली, कित्येक सूडाला बळी पडले. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकी फौज परतली. दोन वर्षांनी, ३० डिसेंबर २०१३ रोजी, सरकारने रमादीतला सुन्नींचा निदर्शनतळ बळाने उठवला. त्यानंतर काही दिवसांतच फल्लुजा इस्लामिक स्टेटच्या हाती गेले, आणि मे २०१५ मध्ये रमादीही पडली. डिसेंबरअखेर इराकी सैन्याने शहराचा मध्यभाग परत जिंकला तेव्हा हजारो इमारती मोडलेल्या होत्या. चौक्यांच्या आधाराने उघडलेली दुकाने त्याच ढिगाऱ्यात गेली.

आज रमादी पुन्हा उभी राहते आहे. रस्ते झाले आहेत, हॉटेले आणि मोठी दुकाने उघडली आहेत, आणि या वेळी बांधणारे हात बहुतांशी इराकीच आहेत.

शांतिसेना, पुनर्बांधणी, मदतनिधी हे शब्द आपल्या वर्तमानपत्रांतही नेहमी येतात. भारताचे हजारो जवान संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीखाली परदेशांत उभे असतात. तेव्हा रमादीचा धडा आपल्याही कामाचा आहे. सैनिक बाजार उघडू शकतो, यात शंका नाही. गल्लीत राहणाऱ्या, चहाला बसणाऱ्या, दिलेल्या शब्दासाठी जीव गमावणाऱ्या सैनिकांनी ते करून दाखवले. पण परकी फौज एक ना एक दिवस घरी जाते. ती गेल्यावर त्या भूमीचे सरकार आपल्याच प्रजेला दिलेला कौल पाळणार नसेल, तर तिच्या मेहनतीने उघडलेली पेठ पुन्हा ओस पडते. रमादीत तेच झाले, आणि त्याचा दोष पैसे पाठवणाऱ्या वॉशिंग्टनइतकाच शब्द मोडणाऱ्या बगदादचाही आहे.